उत्तर: बिअर बिघडू लागली म्हणून मोठा संच उभारावा का?

तुमच्या प्रश्नाचा मला समजलेला आशय असा. घरी वीस लिटरचा संच उभारला, पहिल्या दोन बॅच उत्तम झाल्या आणि त्यानंतरची प्रत्येक बॅच बाटल्यांत भरल्यावर काही आठवड्यांनी बिघडू लागली. लवंगेसारखा वास येतो, चव पाणचट लागते आणि झाकण उघडताच निम्मी बिअर फेसाबरोबर बाहेर पडते. विक्रेत्याच्या सल्ल्यावरून तुम्ही यीस्ट बदलून पाहिले, तरी फरक पडला नाही. आता पन्नास लिटरचा, पंप आणि स्वयंचलित तापमान-नियंत्रण असलेला नवा संच घ्यावा का, असे तुम्ही विचारता आहात. माझे उत्तर 'आत्ता नाही' असे आहे, कारण हाच प्रकार जवळजवळ याच क्रमाने माझ्याकडे घडून गेला आहे, आणि त्याचा केटलच्या (उकळण्याच्या भांड्याच्या) आकाराशी काडीचाही संबंध नव्हता. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) कसे भिजवावे, हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) केव्हा घालावेत हे तुम्हाला येतेच. पहिल्या दोन बॅच उत्तम झाल्या त्या उगाच नाहीत. त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही.

आधी तातडीची गोष्ट. भरताना १.०११ असलेली ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतली घनता; साखर खाल्ली गेली की ती उतरते) महिन्याभराने १.००४ आली, असे तुम्ही लिहिले आहे. ग्रॅव्हिटीचा एक अंक (०.००१) उतरला की साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे लिटरभर बिअरमागे अर्धा लिटर वायू. सात अंक उतरले म्हणजे साडेतीन व्हॉल्यूम, आणि भरताना घातलेल्या साखरेचे सव्वादोन-अडीच त्यात आधीचेच आहेत. नेहमीच्या बिअरच्या बाटलीत साडेतीन व्हॉल्यूमच्या पुढे जाऊ नये असे मी मानतो. तुमच्या बाटल्या सहाच्या आसपास पोहोचल्या आहेत. उरलेल्या बाटल्या जाड हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालूनच हलवा, फ्रिजमध्ये थंडगार होऊ द्या आणि मग एकेक कापडात गुंडाळून मोकळी करा. त्या 'मुरल्या की सुधारतील' या आशेवर ठेवू नका, कारण त्या सुधारत नसतात.

आता निदान. मी या विषयातला तज्ज्ञ नाही आणि तुमची बिअर मी चाखलेली नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे. पाण्यातल्या क्लोरीनमुळेही औषधी, बँडेजसारखा वास येतो, परंतु पाणी तेच असते तर तो पहिल्या बॅचपासून आला असता आणि बाटलीत वाढत गेला नसता. लॅक्टोबॅसिलस (आंबवणारा जिवाणू) असता तर आंबटपणा आधी जाणवला असता. शिवाय हॉप्समधल्या कडू आम्लांपुढे या जातीच्या बहुतेक जिवाणूंचा जोर फारसा चालत नाही. रानटी यीस्टला मात्र हॉप्सची पर्वा नसते. लवंगेचा वास, अंग हरवलेली बिअर आणि थांबलेली ग्रॅव्हिटी पुन्हा उतरणे ही तीन लक्षणे एकत्र आली की माझा संशय सरळ यीस्टवर, म्हणजे तुम्ही न घातलेल्या यीस्टवर जातो. बिअर बिघडवण्यात जिवाणूंइतकाच रानटी यीस्टचाही हात असतो, हे डॅनिश शास्त्रज्ञ एमिल क्रिस्टियान हान्सेन यांनी कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत दाखवले आणि १८८३ मध्ये तिथे शुद्ध यीस्टवर बिअर करायला सुरुवात झाली. इतकी जुनी गोष्ट असूनही घरगुती मंडळी बिघाड झाला की पहिल्यांदा जिवाणूंनाच धरतात.

तुमची दुसरी बॅच सेझोनची (बेल्जियन पद्धतीच्या कोरड्या बिअरची) होती, हा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सेझोनची अनेक यीस्ट 'डायास्टॅटिकस' प्रकारची असतात; बाजारात सहज मिळणारे बेल सेझोन हे त्यांतलेच. नेहमीच्या यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिन (पिष्टाचे लांब तुकडे) ही यीस्ट स्वतःच्या विकराने तोडतात आणि सावकाश खात बसतात. सेझोनमध्ये तेच हवे असते. पुढच्या पेल एलमध्ये त्यांतल्या थोड्या पेशी जरी उरल्या, तरी तुम्ही घातलेले यीस्ट काम संपवून तळाशी बसल्यावर यांची पंगत सुरू होते, आणि तोवर बिअर बाटलीत गेलेली असते. म्हणून पाकिटातले यीस्ट बदलून काही उपयोग झाला नाही.

मग त्या पेशी राहतात कुठे? तुम्ही स्टीलच्या भांड्याला तळाशी वेल्डिंग करून आउटलेट बसवून घेतला आहे आणि त्याला बॉल व्हॉल्व्ह लावला आहे. माझाही फर्मेंटर (किण्वनाचे भांडे) असाच होता. बॉल व्हॉल्व्ह बाहेरून गुळगुळीत, चकचकीत आणि भरवशाचा दिसतो, परंतु त्याची रचना समजून घेतली पाहिजे. आतल्या गोळ्याला आरपार भोक असते. व्हॉल्व्ह बंद केला की त्या भोकातला वॉर्ट (बिअर होण्याआधीचा माल्टचा गोड रस) तिथेच कोंडून राहतो. दांडा फिरवताना तो वॉर्ट गोळा आणि बाहेरचे कवच यांच्यामधल्या पोकळीत शिरतो. पूर्ण उघड्या स्थितीत तुम्ही बादलीभर सॅनिटायझर सोडलात तरी तो गोळ्याच्या मधल्या भोकातून सरळ निघून जातो आणि त्या पोकळीला स्पर्शही करत नाही. माझा व्हॉल्व्ह शेवटी शिकंजात धरून, मोठा पाना लावून फोडावा लागला, तेव्हा टेफ्लॉनच्या कड्यांच्या मागे तपकिरी, लेईसारखा थर निघाला. त्यात हॉप्सचे हिरवट कण रुतलेले होते आणि त्याला बिघडलेल्या बाटलीला येत होता तोच वास होता.

दुसरी जागा म्हणजे वेल्डिंगचा आतला जोड. स्टेनलेस स्टीलला बाहेरून वेल्डिंग करताना आतल्या बाजूनेही आर्गॉन वायू सोडावा लागतो, नाहीतर तापलेला धातू हवेशी संयोग पावून आतून काळसर, दाणेदार होतो. भांड्यात हात घालून त्या जोडावरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर तिथे यीस्टही अडकते. आम्ल आणि सॅनिटायझर हे पृष्ठभागावर काम करतात. खड्ड्यात बसलेल्या आणि वर चिकट थराचे पांघरूण घेतलेल्या पेशींपर्यंत ते पोहोचत नाहीत.

ज्या कारखान्याने मला हे काम करून दिले, त्याला मी आधी विचारले होते की यात खाद्यपदार्थ राहणार आहे, जोड आतून साफ असेल ना. 'पाणी गळणार नाही' एवढेच उत्तर मिळाले, आणि तेवढे त्याने पाळले. बिघाड सुरू झाल्यावर मी भांडे घेऊन गेलो, तर आत हात घालून पाहण्याचीही तसदी कोणी घेतली नाही; गळत नाही म्हणजे तक्रारीला जागा नाही. साहित्याच्या विक्रेत्याचे वागणे मला त्याहून अधिक खटकले, कारण त्याला हा विषय कळत होता. दर वेळी त्याने नवे यीस्ट सुचवले, मग महागडे सॅनिटायझर सुचवले, मग 'इतर कोणाचीही तक्रार नाही' असे ऐकवले. व्हॉल्व्ह दोन भागांचा आहे की तीन भागांचा, हा एक प्रश्न त्याने कधी विचारला नाही, आणि तो दोन भागांचा व्हॉल्व्ह त्याच्याच दुकानातला होता. गेलेल्या माल्टपेक्षा मला त्या काळात स्वतःच्या चवीवरून उडालेला विश्वास अधिक महाग पडला. तुमचा विक्रेता प्रामाणिक असेलही. तरी 'यीस्ट बदला' हा सल्ला पुन्हा मिळाला, तर उलट प्रश्न विचारा.

माझ्या बोलण्यावर विसंबू नका, स्वतः तपासा. पुढच्या वेळी यीस्ट घालण्यापूर्वी वॉर्टचे तीन नमुने उकळून घेतलेल्या काचेच्या बरण्यांत घ्या: एक केटलमधून थेट, दुसरा फर्मेंटरच्या वरून स्वच्छ पळीने आणि तिसरा फर्मेंटरच्या व्हॉल्व्हमधून. झाकणे सैल ठेवा आणि बरण्या पंचवीस ते तीस अंश सेल्सिअसला ठेवा. तीन दिवस नितळ राहिलेला नमुना घरगुती मानाने चांगला. केटलचा नमुना नितळ राहिला आणि व्हॉल्व्हमधला दुसऱ्याच दिवशी गढूळ होऊन बुडबुडे सोडू लागला, तर गुन्हेगार सापडला. वरून घेतलेलाही लवकर गढूळ झाला तर भांड्याचा जोड किंवा वॉर्ट थंड करतानाची नळी तपासावी लागेल. हे नमुने चाखू नयेत. यीस्ट न घातलेला वॉर्ट उबेत ठेवला की त्यात काय वाढेल याचा भरवसा नसतो.

दोष सापडल्यावर दुरुस्ती अवघड नाही. दोन भागांचा व्हॉल्व्ह टाकून द्या. त्याची स्वच्छता करण्याचे व्हिडिओ पाहण्यात वेळ दवडू नका. फर्मेंटरला व्हॉल्व्ह हवाच असेल तर तीन भागांचा घ्या, ज्याचे बोल्ट काढले की मधला भाग गोळ्यासकट हातात येतो, आणि आट्यांच्या जोडाऐवजी ट्राय-क्लॅम्पचा (पकड सोडली की सुटा होणारा) जोड वापरा. आट्यांवर गुंडाळलेल्या टेफ्लॉनच्या पट्टीच्या थरांत वॉर्ट अडकून राहतो, हे सहसा कोणी सांगत नाही. वेल्डिंगचा जोड घासून, पॉलिश करून घेता आला तर उत्तम. तो कापसाच्या परीक्षेत उतरत नसेल तर त्या भांड्याची केटल करा. तिथे वॉर्ट उकळतो, त्यामुळे आतल्या खडबडीतपणाने फारसे बिघडत नाही. मात्र केटलच्या व्हॉल्व्हमधूनही शेवटच्या दहा मिनिटांत थोडा उकळता वॉर्ट काढून परत वर ओतत जा, कारण खालच्या व्हॉल्व्हमध्ये अडकलेला वॉर्ट उकळीच्या तापमानाला पोहोचतोच असे नाही.

स्वच्छता आणि निर्जंतुकीकरण ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले नीट झाले नाही तर दुसरे म्हणजे ओल धरलेल्या भिंतीवर रंग मारणे. सोडियम परकार्बोनेटचे साठ अंशांच्या आसपासचे गरम द्रावण वाळलेला थर सोडवते. भांडे त्या वेळी घट्ट बंद करू नये, कारण त्यातून ऑक्सिजन सुटत असतो. त्यानंतर स्टीलच्या सुट्या भागांना ऐंशी ते पंच्याऐंशी अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवावे. जिथे रसायन शिरत नाही तिथे उष्णता शिरते. हा उपाय प्लास्टिकच्या फर्मेंटरवर करू नका, तो वाकडा होईल, आणि काचेच्या मोठ्या बाटलीवर तर मुळीच नको, ती तडकेल. स्टीलवर ब्लीचही वापरू नये. क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात आणि मग आपण नव्याने त्याच दुखण्याकडे येतो. ब्लीच आणि आम्ल एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. सगळ्या नळ्या, रबरी वॉशर, एअरलॉकचे बूच आणि बाटल्या भरण्याची कांडी मात्र नवी घ्या. या वस्तू स्वस्त आहेत आणि त्या वाचवण्यात अर्थ नाही. पुढे सेझोन करायचीच असेल तर तिच्यासाठी वेगळ्या नळ्या आणि वेगळा फर्मेंटर ठेवा, त्यांवर ठळक खूण करा.

माझे स्पष्ट मत विचाराल तर घरगुती संचात फर्मेंटरला खालून तोटी असूच नये. साधी, झाकणाची, आतून ओरखडा नसलेली प्लास्टिकची बादली आणि बिअर वरून सायफनने काढणे, याला अजूनही तोड नाही. अनेकांना हे मागासलेले वाटेल आणि शंकूच्या आकाराचे स्टीलचे फर्मेंटर वापरून उत्तम बिअर करणारे लोक आहेत हेही खरे आहे, परंतु ते लोक दर बॅचला सर्व सांधे सुटे करतात. तुम्हाला तो कंटाळा येणार नसेल तर जरूर घ्या.

आता मूळ प्रश्न. पन्नास लिटर बिअरसाठी उकळण्यापूर्वी साठेक लिटर वॉर्ट लागतो, म्हणजे ऊतू न जाण्यासाठी केटल किमान पंच्याहत्तर लिटरची हवी. तीन किलोवॅटचे हीटिंग एलिमेंट पंचवीस लिटर पाणी वीस अंशांवरून उकळीला आणायला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ घेते. साठ लिटरला तेच दोन तासांच्या घरात जाईल, त्यामुळे दुप्पट शक्ती लागेल आणि तेवढा भार तुमची वायरिंग पेलते का हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे लागेल. भरलेला फर्मेंटर भांड्याचे वजन सोडून बावन्न किलोंच्या पुढे जातो, तो तुम्ही कुठे आणि कसा हलवणार? पंप म्हणजे आणखी एक पोकळी, आणखी दोन नळ्या आणि आणखी चार सांधे, हेही आता तुमच्या लक्षात आले असेल. नव्या खर्चातली एकच गोष्ट मी आजही घ्यायला सांगेन, ती म्हणजे जुना फ्रिज आणि तापमान-नियंत्रक. किण्वन जोरात असताना वॉर्ट खोलीपेक्षा तीन ते पाच अंशांनी गरम होतो, म्हणून नियंत्रकाचा सेन्सर फ्रिजच्या हवेत लोंबकळत न ठेवता फर्मेंटरच्या भिंतीला चिकटवून वरून स्पंजचा तुकडा बांधावा, आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्यापूर्वी किमान तीन मिनिटांचा विलंब ठेवावा. एल असेल तर अठरा ते वीस अंश पुरे. विजेच्या संचाला तीस मिलिॲम्पिअरला तुटणारा आरसीडी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि पक्के अर्थिंग नसेल, तर मात्र वीस लिटरचा संचही सुरू करू नका.