हिब्रू कथेत क्रियापद आधी का येतं?

‘बायबलच्या हिब्रू वाक्यात क्रियापद आधी येतं, कारण ते लोक कृतीला महत्त्व देणारे होते’, असं एका प्रवचनात सांगितलं गेलं. ते खरं का, असा प्रश्न आहे.

नाही. हे इतक्यांदा कानावर येतं की आता संताप होतो. व्याकरणावरून लोकांचा स्वभाव काढायची ही खोड बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ मध्येच खोडून काढली आहे. क्रियापद शेवटी ठेवणारे आपण मराठी लोक मग कृतीला शेवटचं स्थान देतो का?

खरं कारण रूपातच आहे, आणि ते फार सुंदर आहे. ‘याकूम’ म्हणजे ‘तो उठेल’, पण ‘वय्याकोम’ म्हणजे ‘आणि तो उठला’. जुने वैयाकरण म्हणत, आधीचा ‘व’ काळ उलटवतो. छे! हिब्रूची नातलग असलेल्या प्राचीन अक्कादी भाषेत याच घडणीचं ‘इप्रुस’ हे रूप सरळ भूतकाळी आहे. म्हणजे ‘वय्याकोम’मध्ये सेमिटिक भाषांचा (हिब्रू, अक्कादी ज्या कुळातल्या त्यांचा) जुना भूतकाळ शिल्लक आहे. एरवी तो हिब्रूतून जवळजवळ गेला. कथेत मात्र ‘व’ला चिकटून टिकला. मध्ये नाम आलं की ही जोडी फुटते आणि क्रियापदाचं वेगळं रूप घ्यावं लागतं. या रूपाला दुसरी जागाच नाही, मग त्याच्या आधी येण्यात जोर कसला?

कान द्यायचा तो नाम आधी आलं की. बायबलमधल्या योना या संदेष्ट्याची कथा घ्या. योना उठला, याफो बंदराला गेला, तारू मिळालं, भाडं दिलं, आत उतरला: सगळी क्रियापदं आधी. लगेच परमेश्वराचं नाव आधी येतं: ‘परमेश्वराने मात्र’ समुद्रावर मोठा वारा सोडला. पुढे खलाशी घाबरतात, आणि पुन्हा नाम आधी: ‘योना तर’ केव्हाच तळाशी उतरला होता. पहिल्या ठिकाणी विरोध, दुसऱ्या ठिकाणी काळ मागे. दोन्हींवर ‘जोर’ अशी एकच चिठ्ठी डकवणारी व्याकरणं आळशी आहेत.

अकराव्या शतकातला ज्यू भाष्यकार रशी त्यांच्यापेक्षा सावध होता. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात ‘आदाम’ क्रियापदाआधी येतो. त्यावरून रशी म्हणतो, हव्वेशी त्याचा संग एदेन बागेतून हाकलण्यापूर्वीच झाला. नंतरचा असता तर क्रियापद आधी आलं असतं. निष्कर्ष मला पटत नाही, तिथे फक्त नवं कथानक सुरू होतंय. पण क्रमातून त्याने काळ वाचला, लोकांचा स्वभाव नव्हे.