माती कशाने नासली, ते आधी ओळखा

प्रश्न (दर्यापूर तालुका): चार वर्षांपासून हरभऱ्याला बोअरचं पाणी देतो. आता वावर वाळलं की वर पांढरं फुटतं, पाणी जिरत नाही, नांगरलं तर मोठाली ढेकळं निघतात. शेणखत वाढवू का?

शेणखताआधी बोअर बंद करा. तुमचं वावर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं. त्यातलं सोडियम काळ्या मातीच्या बारीक कणांवरचं कॅल्शियम हुसकून स्वतः तिथे बसतं. मग कण एकमेकांना धरून राहत नाहीत. ओल्यात सुटे होऊन छिद्रं बुजवतात, वाळले की दगडासारखे आवळतात.

पांढरं फुटणं नुसत्या क्षारांचंही असू शकतं. ते क्षार गोड्या पाण्याने धुऊन जातात. सोडियम बसलेली चोपण जमीन मात्र नुसत्या पाण्याने आणखी बिघडते. फरक घरी पाहता येतो. वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा आणि दोन तास हलवू नका. ढेकूळ ढासळलं पण पाणी नितळ राहिलं, तर सोडियमचा त्रास कमी. भोवती दुधाळ ढग पसरला, तर जमीन चोपण होते आहे. ही चाचणी बोअरच्या पाण्यात करू नका. त्यातल्या क्षारांमुळे ढग उठत नाही आणि तुम्ही फसता.

यावर उपाय जिप्सम. हे कॅल्शियमचं खनिज, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकून आपली जागा परत घेतं. म्हणून चाचणीनंतर प्रयोगशाळेत मातीची ‘जिप्समची गरज’ काढून मागा. पाण्याचाही नमुना द्या. अहवालात आरएससीचा (उरलेल्या सोडियम कार्बोनेटचा) आकडा २.५ च्या वर असेल, तर ते पाणी ओलितासाठी वापरूच नका.

पहिल्या वर्षी सांगितलेल्या गरजेच्या निम्मं जिप्सम पुरे. मेअखेरीस बारीक भुकटी सारखी पसरा आणि वखराने वरच्या १० ते १५ सेंटीमीटरमध्येच मिसळा. नांगराने खोल गाडलं तर कामाचं नाही. लिटरभर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणून त्याला भरपूर पाऊस लागतो. सुरुवातीचं पाणी धुऱ्यांनी (बांधांनी) अडवा, मग सुटलेलं सोडियम बाहेर जायला चर काढा. बहुतेकांचं इथेच चुकतं: जिप्सम टाकतात, निचरा करत नाहीत, आणि सोडियम वावरातच राहतं. त्यावर ढेंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरा, एकरी २० ते २५ किलो बी, आणि ४० ते ४५ दिवसांनी गाडा. शेणखताचा खरा उपयोग यानंतर. रब्बीला शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी द्या.

प्रश्न (मोताळा तालुका): मक्यात ॲट्राझिन तणनाशक मारलं होतं. त्याच वावरात हरभरा उगवला, पण खालची पानं कडेने पिवळी पडून करपली. ही मर (झाड वाळवणारा रोग) आहे का?

मर असती तर झाड माना टाकतं आणि बुंधा उभा चिरला की आत काळपट रेघ दिसते. जुन्या पानांच्या कडांपासून करपत वर जाणं ही ॲट्राझिनची खूण. धुऱ्याजवळ, जिथे वळताना फवारा दुहेरी पडतो, तिथले पट्टे जास्त करपले असतील तर शंका उरत नाही. चुनखडीच्या, ८ च्या वर सामू (पीएच) असलेल्या काळ्या मातीत हे औषध हळू फुटतं. पाऊस लवकर उघडला तर आणखी रेंगाळतं. ५० टक्के भुकटीची मक्यातली मात्रा एकरी ४०० ते ८०० ग्रॅम आहे, त्यापुढे जाऊ नका. पुढच्या वेळी पेरणीआधी तीन आठवडे एका कुंडीत या वावराची आणि दुसरीत न फवारलेल्या जागेची माती घेऊन दहा-दहा दाणे लावा. पंधरा-वीस दिवसांत फरक दिसतो. दिसला तर त्या वावरात यंदा हरभरा नको.

प्रश्न (यवतमाळ जिल्हा): औषधाचे रिकामे डबे जाळावेत की पुरावेत?

दोन्ही नको. जाळल्यावर विषारी धूर निघतो, पुरलेल्या डब्यातलं औषध पाझरून विहिरीकडे जातं. डबा रिकामा होताच पाव भाग पाणी भरा, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा आणि ते पाणी फवारणी पंपातच ओता. असं तीनदा करा. मग डब्याला भोकं पाडा, म्हणजे कुणी त्यात पाणी किंवा तेल भरणार नाही. पंपात उरलेलं द्रावण त्याच पिकाच्या न फवारलेल्या ओळीवर मारा. रोज एकाच जागी पंप धुतला, तर वावरभर पसरायचं विष दोन हात जागेत साचतं. विहीर आणि नाल्यापासून लांब, दरवेळी जागा बदलून धुवा. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसं गेली. हातमोजे आणि मास्क न घालता डबे हाताळू नका.

प्रश्न (भद्रावती तालुका): वीज केंद्राची राख फुकट मिळते. शेतात टाकू का?

तपासल्याशिवाय नको. राख बहुधा अल्कधर्मी असते आणि आपली काळी माती आधीच तशी. शिवाय राखेत बोरॉन, आर्सेनिक, शिसं असू शकतं, आणि जड धातू एकदा मातीत मिसळले की वेगळे काढता येत नाहीत.

प्रश्न (वरुड तालुका): मृदा आरोग्य पत्रिकेत सगळं ठीक आहे. म्हणजे संत्र्याची माती शुद्ध आहे ना?

पत्रिकेत १२ गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. कीटकनाशकाचा अंश किंवा शिसं त्यात तपासलंच जात नाही. पण तांब्याचा आकडा जरूर पहा. डिंक्या रोगासाठी वर्षानुवर्षं मारलेल्या बोर्डो (मोरचूद-चुना) मिश्रणातलं तांबं कुजत नाही, बुंध्याभोवतीच्या वरच्या थरात साचत जातं. पिकाला ०.२ पीपीएम पुरतं. दर तपासणीत आकडा चढत असेल, तर गरजेपुरतंच आणि बुंध्यालाच लावा.

नमुना मात्र नीट घ्या. बागेत ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटीमीटरचे थर वेगवेगळे, कपाशी-सोयाबीनला २० सेंटीमीटरपर्यंत. नागमोडी चालत १० ते १२ जागी ‘व्ही’ आकाराचा खड्डा करून कडेची माती घ्या. धुरा, खताचा ढीग आणि झाडाखालची सावली टाळा. बागेत मात्र बुंध्याला न चिकटता झाडाच्या घेराच्या कडेशी घ्या. सगळी एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत रहा. सावलीत वाळवा आणि स्वच्छ कापडी पिशवीत भरा. युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरलेल्या मातीचा अहवाल नत्र भरपूर आहे म्हणून सांगतो, आणि त्यावरून दिलेली खताची मात्राही चुकते.