ग्रीसमधल्या कोर्फू शहराच्या मुख्य चौकात क्रिकेट कसं काय खेळतात? तिथे आणखी काय बघावं?

चौकाचं नाव स्पियानाडा. मुळात हा चौक म्हणून बांधलाच नव्हता. व्हेनिसच्या राजवटीत जुन्या किल्ल्यावरच्या तोफांना समोर मोकळा मारा करता यावा म्हणून इथली घरं पाडली, आणि ती मोकळी जागा तशीच राहिली. म्हणून ती एवढी प्रशस्त आहे.

पुढे फ्रेंच आले. 1807 मध्ये त्यांनी पश्चिमेच्या बाजूला लिस्टन ही कमानींची इमारत सुरू केली, थेट पॅरिसच्या र्यू द रिव्होली या रस्त्याच्या धर्तीवर. त्यानंतर इंग्रज आले. उत्तर टोकाचा सेंट मायकल आणि सेंट जॉर्ज यांचा राजवाडा त्यांचाच. आज तिथे आशियाई कलेचं संग्रहालय आहे. चीन-जपानच्या वस्तूंबरोबर भारतातल्याही आहेत, त्यामुळे ते चुकवू नका.

क्रिकेट इंग्रजांनीच आणलं. पहिला सामना 1823 मधला मानतात. 1864 मध्ये कोर्फूसह आयोनियन बेटं ग्रीसला मिळाली, इंग्रज गेले, पण खेळ टिकला. मैदानाचा काही भाग गाड्यांच्या पार्किंगने खाल्लाय, याचं मनापासून वाईट वाटतं.

किल्ल्याकडे जाताना शुलेनबुर्गचा पुतळा नक्की बघा. 1716 च्या ऑटोमन वेढ्यात शहर वाचवणारा हा सेनापती. दक्षिणेकडे इंग्रज गव्हर्नर मेटलंडच्या नावाची गोल, खांबांची छत्री आहे.

मग लिस्टनच्या कमानीखाली बसून 'त्सित्सिबिरा' मागवा. हे आल्याचं पेयही इंग्रजांच्याच काळातलं.