साडेअठराशेची बाटली आणि डोक्यावर खोबरेल

प्रश्न : ताई नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहते. केस कमरेपर्यंत आहेत, जाड आणि जरा लाटालाटांचे. लहानपणापासून आदल्या रात्री खोबरेल चोपडायचं आणि सकाळी डोक्यावरून आंघोळ, आठवड्यातून दोनदा, हीच सवय. आता जावेच्या बहिणीने पुण्याहून क्लेन्झिंग कंडिशनर आणून दिलंय, म्हणजे दिलं कुठलं, पैसे घेतलेत की ओ, २५० मिलीची बाटली १८५० ला. म्हणाली शाम्पू कायमचा बंद कर, ह्यानेच धू, फेस येत नाही पण केस कसे होतात बघ. बाटलीवर लांब केसांना २० ते २५ पंप घ्या असं लिहिलंय. सुरुवातीला छान मऊ वाटले, पण आता धुतलेत की नाही तेच कळंना, मुळाशी तेलकट, खाली लोंबल्यासारखे आणि टाळूला खाज सुटायलीय. घरात बोअरचं पाणी आहे. सासूबाई रोज त्या बाटलीकडे बघून काहीतरी बोलतात. पैसे वसूल होतील का, का बंद करू?

उत्तर : सासूबाईंचं मी काही करू शकत नाही, पण बाटलीचा हिशोब करून देते. साधा पंप एका दाबाला दीड मिलीच्या आसपास सोडतो, २५ पंप म्हणजे सदतीस-अडतीस मिली झाले, म्हणजे २५० मिलीत सहा, फार ओढून ताणून सात आंघोळी. १८५० ला सातने भागा, एका आंघोळीला अडीचशेच्या वर. आठवड्यातून दोनदा धुताय तर बाटली महिनाभरसुद्धा टिकत नाही. एवढे पैसे घालून केस तेलकट राहणार असतील तर माझं मत सरळ आहे, तुमच्या केसांना हे प्रकरण परवडत नाही आणि मानवतही नाही. वस्तू फसवी आहे असं मात्र नाही, ती तुमच्यासारखं डोकं समोर ठेवून बनवलेली नाही एवढंच.

म्हणजे कसं, तर शाम्पूत जो फेस करणारा माल असतो, एसएलएस नाहीतर एसएलईएस, त्याच्यावर ऋण भार असतो, तो तेल पकडतो आणि पाण्याबरोबर घेऊन जातो, केसाला चिकटून बसत नाही. कंडिशनरमध्ये उलटं, त्यात बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम असल्या नावाचे घटक असतात ज्यांच्यावर धन भार असतो, आणि ओल्या केसाचा पृष्ठभाग, त्यातही खराब झालेल्या केसाचा, ऋण भाराचा, मग ते तिथे चिकटून राहतात, म्हणून केस गुळगुळीत लागतो आणि गुंता सुटतो. हेच घटक थोडीफार सफाईपण करतात, घाम, धूळ, टाळूचं जरासं तेल एवढं त्यांना जमतं. क्लेन्झिंग कंडिशनर म्हणजे तेच, फक्त जास्त घ्यायचं, पाच-सात मिनिटं टाळूवर बोटांनी चोळायचं आणि बराच वेळ धुवायचं. जी बाई डोक्याला तेल लावत नाही, रोज किंवा दिवसाआड धुते, केस कुरळे कोरडे किंवा रंगवलेले, तिला एवढी सफाई पुरते. तुमच्या डोक्यावर रात्रभर अर्धी वाटी खोबरेल मुरलंय, ते काढायची त्याची ताकदच नाही. तेल आहे तिथेच, वर कंडिशनरचा थर, केसांना चकाकी देणारं सिलिकॉन असेल तर त्याचा थर, आणि बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम तो वेगळाच. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा खडूसारखा राप धरतो तोच, थोडा थोडा केसांवरपण बसतो.

आणि पाण्याचं बोलायचं तर आपल्या गावात नळाला पाणी रोज येत नाही, उजनी धरण भरलेलं असलं तरी, मग फेस न येणारी वस्तू कमरेपर्यंतच्या केसांतून पूर्ण निघेपर्यंत बादल्यावर बादल्या ओतायच्या हे कुणाला जमणार? अर्धवट निघालेलं कंडिशनर हेच बऱ्याच जणींच्या खाजेचं आणि चिकटपणाचं कारण असतं.

आता बाटली उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा, समोरचं चित्र आणि अर्गनचं तेल-बिल विसरा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यानंतर १ टक्का किंवा कमी असलेले कसेही. यातून एक सोपी खूण मिळते. फेनॉक्सिइथेनॉल नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे माल खराब होऊ न देणारा घटक, पुष्कळ बाटल्यांत असतं आणि ते १ टक्क्याच्या वर घालायची परवानगी नसते, म्हणून यादीत त्याच्या मागे जे जे आलं, ते सगळं १ टक्का किंवा त्याहून कमी. महागड्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरात ज्या तेलाचं नाव असतं ते पुष्कळदा तिथेच मागे सापडतं. पुढे पाणी, सेटाइल किंवा सेटिअरिल अल्कोहोल, बेहेनट्रायमोनियम, ग्लिसरीन, एवढंच असेल तर दीड-दोनशेच्या साध्या कंडिशनरची बाटली शेजारी ठेवून ताडून बघा, पहिली पाच नावं जवळजवळ तीच निघतील. (त्या अल्कोहोलला घाबरू नका, ते मेणासारखं असतं, केस कोरडे करणारं ते वेगळं.) बाटली बाहेरच्या देशातली असेल तर इकडे आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक लेबलवर असायला हवा, तो नसेल तर कुणी बॅगेतून आणून विकतंय असं समजा.

खाजेचं मात्र गंमतीवारी नेऊ नका. मागच्या यादीत मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे नाव आहे का बघा, ह्या प्रिझर्व्हेटिव्हची ॲलर्जी बऱ्याच लोकांना होते, युरोपात ते न धुता ठेवायच्या क्रीम-लोशनमधून बंद केलंय आणि धुवून टाकायच्या वस्तूंत फक्त ०.००१५ टक्क्यापर्यंत चालतं. टाळूवर पाच-सात मिनिटं चोळायची वस्तू असली तर हे बघायलाच पाहिजे. बाटली लगेच थांबवा. दोन-तीन आठवड्यांत खाज गेली नाही, किंवा केस गुच्छाने यायला लागले, टाळूवर रुपयाएवढा मोकळा डाग दिसला, तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा.

ह्यावरून अमेरिकेतलं ते प्रकरण सांगते, कारण ‘महाग आहे म्हणजे सुरक्षितच असणार’ असं तुमच्या जावेच्या बहिणीसारखं खूप जणींना वाटतं. लॉस एंजेलिसच्या चॅझ डीन नावाच्या हेअरड्रेसरचा वेन हा क्लेन्झिंग कंडिशनर तिथे टीव्हीवर लांबलचक जाहिराती करून विकला जायचा. २०१६ मध्ये तिथल्या एफडीएने जाहीर केलं की केस गळणं, तुटणं, चाई पडल्यासारखं होणं, खाज, पुरळ अशा १२७ तक्रारी थेट आपल्याकडे आल्यात, आणि तपासणीत कळलं की कंपनीकडे आणि डीनकडे मिळून २१,००० च्या वर तक्रारी पोचलेल्या होत्या, ज्या त्यांनी सरकारला कळवायचं बंधन तेव्हा कायद्यात नव्हतंच! कशामुळे झालं ते एफडीएला तेव्हा ठरवता आलं नाही, कंपनीने दोष कधी मान्य केला नाही, तरी खटल्यात साधारण २.६ कोटी डॉलरवर तडजोड झाली. गंभीर तक्रारी कळवायचं बंधन तिथे आलं ते २०२२ च्या कायद्याने. ह्याचा अर्थ सगळे क्लेन्झिंग कंडिशनर वाईट असा मुळीच नाही, लाखो बायका ते मजेत वापरतात. पण किंमत बघून धीर धरायचा नाही हे खरं.

मग करायचं काय? तेल सोडायची गरज नाही. खोबरेलात लॉरिक ॲसिडचा भाग जास्त, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रोटीन कमी जातं हे २००३ मध्ये मॅरिकोच्या संशोधकांनी छापलंय, सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसं झालं नाही. मॅरिको स्वतःच खोबरेल विकते, तेवढं लक्षात ठेवून वाचा. पण चोपडायचं नाही, चार-पाच चमचे कशाला, तळहातावर थोडं घेऊन लांबीला आणि टोकांना लावा. धुताना टाळूला सौम्य शाम्पू, तोही पातळ करून, एकदाच. नंतर, खाज गेल्यावरच, ती साडेअठराशेची बाटली नुसती कंडिशनर म्हणून कानाच्या खालच्या केसांना, चार-पाच पंप, टाळूला अजिबात नाही. खाज त्या बाटलीचीच होती असं निघालं तर मात्र तेही नको, देऊन टाका. नाहीतर अशाने ती बाटली तीस-पस्तीस आंघोळी पुरेल, पैसे असे वसूल होतात. शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा घ्या, बोअरचा नको. आणि महिन्यातून एकदा ईडीटीए असलेला क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेला थर काढणारा शाम्पू, तो बसलेला कॅल्शियम सोडवायला मदत करतो.

प्रश्न : मी अशोक चौकात राहते, वय साठच्या पुढे. आम्ही जन्मभर शिकेकाईने न्हालो, कधी अंगाच्या साबणानेही, केस अजून बरे आहेत. आता सुना हे असलं महागाचं आणतात. शिकेकाई काय वाईट आहे सांगा त्यांना.

उत्तर : मावशी, शिकेकाई अजिबात वाईट नाही, आणि तेल लावणाऱ्या डोक्याला तर ती क्लेन्झिंग कंडिशनरपेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण तिच्यात आणि रिठ्यात सॅपोनिन असतं, ते खरंच तेल काढतं. रिठा जरा जास्तच काढतो, म्हणून कोरड्या केसांना नुसता रिठा नको. शेंगा रात्री भिजवून उकळून गाळून घेतल्या तर उत्तम, बाजारातली पूड घेतली तर ती बारीक दळलेली नसते, केसांत आणि डोळ्यांत जाते, सुनांची तक्रार तीच असणार. पण अंगाचा साबण डोक्याला नको. बोअरसारख्या जड पाण्यात साबणाचा चिकट पांढरा साका होतो आणि तो केसांवर बसतो. तुमचे केस साबणामुळे नाही, साबण लावूनसुद्धा चांगले राहिलेत.

प्रश्न : कोंडा खूप आहे, काळा शर्ट घालता येत नाही. मित्र म्हणतो शाम्पूने टाळू कोरडी पडते म्हणून कोंडा होतो, कंडिशनरने धू. खरं का?

उत्तर : नाही. बहुतेक कोंडा कोरडेपणाचा नसतो, मॅलसेझिया नावाची बुरशी टाळूच्या तेलावर वाढते त्याचा असतो. कंडिशनरने धुतलंत तर तेल तसंच, बुरशीला घरपोच डबा. २ टक्के कीटोकोनाझोलचा शाम्पू मेडिकलमध्ये मिळतो, आठवड्यातून दोनदा, फेस तीन ते पाच मिनिटं टाळूवर ठेवायचा, दोन ते चार आठवडे. घाई करून लगेच धुतला तर पैसे पाण्यात. तेवढ्या दिवसात डोक्याला तेल बंद. त्यानंतरही राहिला, किंवा भुवया नाकाच्या कडेलाही खपल्या येत असतील, तर डॉक्टर.

प्रश्न : दीदी मी इंजिनिअरिंगला आहे, केस एकदम कुरळे, विंचरले की झाडू होतो. तेल लावत नाही. रोज मैदानावर खेळतो, घाम खूप येतो म्हणून रोज शाम्पू करतो. इन्स्टावर सगळे को-वॉश, म्हणजे कंडिशनरनेच केस धू, असं म्हणतात, पण दोन हजार कुठून आणू? होस्टेलला राहतो.

उत्तर : तुझ्यासारख्यालाच ही पद्धत लागू पडते, आणि दोन हजार आणायची गरज नाही. दीड-दोनशेचा कुठलाही साधा कंडिशनर घे, फक्त यादीत डायमेथिकोनसारखं जड सिलिकॉन नको, रोज वापरलं तर ते साचतं. खेळून आल्यावर टाळूला बोटांच्या पेरांनी चोळ, नखांनी नाही, नीट धू, आणि डोक्यात कंडिशनर असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने किंवा नुसत्या बोटांनी गुंता काढ, कोरडे केस विंचरणं बंद. आठवड्यातून एकदा शाम्पू मात्र कर, मे महिन्यात दोनदा, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत घाम आणि धूळ नुसत्या कंडिशनरला आटपत नाही. विंचरणं कमी झालं की धुताना हातात एकदम खूप केस आल्यासारखे दिसतील, दिवसाला ५० ते १०० केस गळणं नॉर्मल असतं, अडकलेले सगळे एकदम निघतात, घाबरून पद्धत सोडू नकोस. दोन-तीन आठवडे देऊन बघ आणि टाळू चिकट राहायला लागली तर शाम्पूचा एक दिवस वाढव.

आणि हो, टॉवेल. आपले सोलापुरी टेरी टॉवेल जगभर जातात, अंग पुसायला त्यांच्यासारखे नाहीत, पण त्यांनी डोकं खसाखसा पुसलंस तर कुरळे केस फुगणारच. एखादा जुना सुती टी-शर्ट ठेव, त्याने नुसतं दाबून पाणी काढ.