सर्वांत लांब फेकतो, तोच उत्तम क्वार्टरबॅक?

प्रश्न : माझा नातू ओहायोत, कोलंबसला कॉलेजात शिकतो. दर आठवड्याला फोनवर अमेरिकन फुटबॉलचा सामना ऐकवतो आणि त्यात निम्मा वेळ क्वार्टरबॅकच, म्हणजे चेंडू फेकणारा गडीच असतो. येत्या नोव्हेंबरात मी तिकडे जातो आहे, सामन्याची तिकिटंही काढून झाली. मी आजवर क्रिकेट आणि कबड्डी सोडून काही पाहिलेलं नाही. जो सर्वांत लांब चेंडू फेकतो तो उत्तम, असं धरून चालू का?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, नमस्कार. नका धरू. मीही पहिली दोन वर्षं तेच धरून बसले होते.

माझा मुलगा इथल्या शाळेच्या संघात क्वार्टरबॅक होता, तेव्हा मी सामन्याची वही लिहायचे. पास झेलला गेला की बरोबरची खूण, नाही तर फुली. एकदा प्रशिक्षकांनी सांगितलं, आणखी एक रकाना आखा. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे सरकतो, मागचा पाय रोवतो. तिथून चेंडू हातातून सुटेपर्यंत मनात आकडे मोजा. मोजायला लागले आणि चार सामन्यांत लख्ख दिसलं. फुल्या बहुतेक तिथेच, जिथे माझे आकडे लांबले होते. मुलाच्या हातात जोर होता, पण रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा गडी, मोकळा झालेला दिसेपर्यंत तो थांबायचा. तोवर बचाव करणारा तिथे पोहोचलेला असायचा.

क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थ्रो येतो, तेव्हा स्टंप जागचे हलत नाहीत. इथे ज्याला पास द्यायचा तो पूर्ण वेगात धावतोय, बरेचदा पाठमोरा. तो वळायच्या आत चेंडू निघायला हवा, आणि तोही जिथे तो अजून पोहोचलेला नाही त्या जागी. हे सगळं साधारण अडीच-तीन सेकंदांत, समोरून धिप्पाड गडी अंगावर येत असताना. वर नजरेचाही खेळ आहे. मागे उभा असलेला बचावपटू क्वार्टरबॅकचे डोळे वाचतो, म्हणून चांगला क्वार्टरबॅक डावीकडे बघून त्याला तिकडे ओढतो आणि उजवीकडे फेकतो.

जोर अगदीच लागत नाही असं नाही, पण तो आडव्या अंतरासाठी लागतो. मैदान १६० फूट रुंद. कॉलेजच्या खेळात चेंडू मांडायच्या खुणांच्या दोन ओळींमध्ये ४० फुटांचं अंतर असतं, व्यावसायिक खेळात फक्त साडेअठरा. म्हणजे कॉलेजात चेंडू डाव्या खुणेवर असला, तर उजवी कडा १०० फूट लांब. तिकडचा दहा यार्डांचा पास कागदावर दहाच यार्ड दिसतो, पण हवेत तीस-पस्तीस यार्ड जातो. तो सपाट आणि वेळेवर गेला नाही, तर मधल्यामध्ये पळवला जातो.

नातवाला जो बरो या क्वार्टरबॅकचं नाव विचारा. वाढला ओहायोत, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघात तीन वर्षं होता, पण खेळायला फारसं मिळालं नाही. मग २०१८ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाला (एलएसयू) गेला. त्या हंगामात १६ टचडाउन पास (म्हणजे थेट गुण मिळवून देणारे), शंभरातले जेमतेम ५८ पास पूर्ण. पुढच्याच वर्षी ६० टचडाउन आणि शंभरातले ७६ पूर्ण! कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी आणि राष्ट्रीय विजेतेपदही. एका वर्षात कुणाचा हात एवढा बदलत नाही. जो ब्रॅडी हे पासिंगचे नवे प्रशिक्षक आले, मैदानभर रिसीव्हर पसरवणारी पद्धत आली, जमार चेस आणि जस्टिन जेफरसनसारखे झेलणारे होते, आणि कुठला गडी केव्हा मोकळा होणार हे बरोला आधीच उमगत होतं. माझ्या मते पासिंग शिकायला तो हंगाम पुन्हा पुन्हा बघावा.

लांब फेकीची गोष्ट नातू तरीही सांगेलच. २३ नोव्हेंबर १९८४, बॉस्टन कॉलेजचा क्वार्टरबॅक डग फ्लूटी, शेवटचे ६ सेकंद, एक लांब फेक आणि मायामीवर ४७–४५ अशी मात. ती जरूर बघा, अंगावर काटा येतो. पण अशी फेक वर्षानुवर्षांत एखादी.

ओहायो स्टेडियममध्ये लाखावर माणसं बसतात. वरच्या मजल्यावरची जागा मिळाली तर हिरमुसू नका, पास तिथूनच नीट कळतो. कानटोपी आणि जाड मोजे घ्या, नोव्हेंबरात तिथला वारा बोचतो. आणि पहिले पाच-सहा पास चेंडूकडे बघूच नका. कडेच्या रिसीव्हरच्या डोक्याकडे बघा. तो मान वळवतो, तेव्हा चेंडू हवेत आहे की अजून हातातच, तेवढं मला कळवा.