संगणक-शंका: कॉलमचं नाव व्हेरिएबलमध्ये असेल तर ओळी कशा गाळायच्या?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी आम्ही 'आर' या संगणकभाषेत, डेटा टेबल हे पॅकेज वापरून ठेवतो. टेबलाचं नाव 'विहिरी'. कॉलम असे : गाव, तालुका आणि मग ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे या महिन्यांच्या पातळ्या, मीटरमध्ये. अहवाल कधी मेचा लागतो, कधी मार्चचा. म्हणून 'निवड' नावाच्या व्हेरिएबलमध्ये कॉलमचं नाव ठेवलं आणि 10 मीटरपेक्षा खोल गेलेल्या विहिरी गाळायला (म्हणजे तेवढ्याच वेगळ्या काढायला) गेले, तर सगळ्याच विहिरी आल्या! मग 'निवड'मध्ये तालुका ठेवून औसा शोधलं, तर एकही ओळ नाही. एररसुद्धा येत नाही. कॉलमचं नाव थेट लिहिलं की सगळं बरोबर चालतं. हे काय गौडबंगाल आहे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आधी एक सूचना. आपल्या अंकाच्या रिवाजाप्रमाणे आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. मशीनवर आज्ञा आणि व्हेरिएबलची नावं रोमन लिपीतच लिहा. अवतरणचिन्हांतली कॉलमची नावं मात्र तुमच्या टेबलात जशी आहेत तशीच.

तुम्ही लिहिलंत ते असं असणार :

विहिरी[निवड > 10]

चौकोनी कंसाच्या आत नाव दिसलं की डेटा टेबल ते आधी आपल्या कॉलमांमध्ये शोधतं, तिथे नसेल तर बाहेर. वाड्यात 'बाळू' अशी हाक मारली की आधी घरातला बाळू ओ देतो, तो नसला तर गल्लीतला, तसंच. मॅट डाउल यांनी 2006 मध्ये हे पॅकेज पहिल्यांदा आणलं, तेव्हापासूनची ही सोय आहे. दर वेळी टेबलाचं नाव लिहायची कटकट त्यामुळे वाचते. तुमच्या टेबलात 'निवड' नावाचा कॉलम नाही. म्हणून बाहेरचं 'निवड' सापडलं आणि त्यात होतं "मे" हे अक्षरी मूल्य. 'आर'ने पुढे जाऊन ते दुसऱ्या कॉलमचं नाव आहे असं समजावं, असं त्याला कोणीही सांगितलेलं नाही. त्याने "मे" या शब्दाचीच 10 शी तुलना केली. शब्दाशी तुलना करायची म्हणून 10 चंही अक्षरी "10" झालं, आणि वर्णक्रमात अक्षरं अंकांच्या नंतर येतात. उत्तर एकच : खरं. एकट्या 'खरं'चा अर्थ सगळ्या ओळी. औशाच्या वेळी "तालुका" आणि "औसा" हे शब्द सारखे आहेत का, एवढंच विचारलं गेलं. नाहीत. म्हणून शून्य ओळी. प्रश्न व्याकरणाने बरोबर होता, मग एरर कशाची येणार?

आता उपाय. सगळ्यात सुटसुटीत 'गेट' :

विहिरी[गेट(निवड) > 10]

'गेट' म्हणजे या नावाची वस्तू आणून दे. पण एक धोका आहे. टेबलात खरोखरच 'निवड' नावाचा कॉलम असला (लाभार्थ्यांच्या याद्यांमध्ये तो हमखास असतो) तर 'गेट'च्या हाती तुमचं व्हेरिएबल न लागता तो अख्खा कॉलम लागेल. शिवाय कॉलमच्या नावात टायपिंगची चूक झाली आणि योगायोगाने बाहेर त्या नावाचं काही असलं, तर 'गेट' तेही निमूट उचलतं. म्हणून व्हेरिएबलला जरा विचित्र नाव द्या, आणि गाळण्याआधी ते नाव टेबलाच्या कॉलमांमध्ये आहे का ते एका ओळीत तपासा. नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबवा. ही तपासणी मी तरी कधीच टाळत नाही.

दुहेरी कंसाचाही मार्ग आहे : विहिरी[विहिरी[[निवड]] > 10]. दिसायला ओबडधोबड, पण साध्या डेटा फ्रेमची (म्हणजे 'आर'मधल्या मूळच्या टेबलाची) सवय असलेल्या सहकाऱ्याला वाचता येतो. नावांच्या टकरीचा धोका इथेही आहेच.

माझी पसंती मात्र नव्या पद्धतीला. जानेवारी 2024 मध्ये आलेल्या 1.15.0 या आवृत्तीपासून 'एन्व्ह' हा पर्याय मिळाला :

विहिरी[क > 10, एन्व्ह = लिस्ट(क = निवड)]

इथे आज्ञा चालण्याआधीच 'क'च्या जागी 'मे' हे नाव बसवलं जातं. पुढचं सगळं तुम्ही हाताने 'मे' लिहिल्यासारखं. कॉलमचं आणि व्हेरिएबलचं नाव एकच असलं तरी टक्कर होत नाही. तालुकाही असाच बाहेरून द्यायचा असेल तर जपून. 'एन्व्ह'मध्ये दिलेला प्रत्येक शब्द नाव मानला जातो, मग औसासुद्धा कॉलम म्हणून शोधलं जाईल. मूल्य मूल्यच राहावं यासाठी ते 'आय' या एका अक्षराच्या फंक्शनमध्ये गुंडाळा : आय("औसा").

नुसती बरोबरी तपासायची असेल तर याहून सोपं आहे. 'ऑन' या पर्यायाला कॉलमचं नाव अक्षरी स्वरूपातच लागतं, त्यामुळे 'निवड' तिथे तशीच चालते : विहिरी[.("औसा"), ऑन = निवड, नोमॅच = नल]. शेवटचा तुकडा विसरू नका. तो नसला आणि औशाची एकही नोंद नसली, तर बाकी कॉलम रिकामे असलेली एक भुताची ओळ हाती येते, आणि ओळी मोजून अहवाल देणाऱ्याला ती विहीर वाटते.

आज्ञेचा मजकूर जोडून 'पार्स' आणि 'इव्हॅल'ने चालवण्याचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. ऐकू नका. चालतो तो, पण सहा महिन्यांनी तुमचं तुम्हाला वाचता येणार नाही.

हे सगळं जमलं तरी तुमच्या बाबतीत खरी फजिती दुसरीकडे आहे, आणि ती तुम्ही विचारलेली नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी याच चार महिन्यांत मोजते. पातळी जमिनीपासून खाली मोजतात, म्हणजे आकडा मोठा तितकं पाणी खोल. मग मे महिन्यात तळ दिसत असलेल्या विहिरीसमोर काय लिहिता? कोणी रकाना रिकामा सोडतं, कोणी 'कोरडी' लिहितं. रिकामा सोडला तर तुलनेचं उत्तर 'माहीत नाही' येतं, आणि अशा ओळी डेटा टेबल मुकाट्याने वगळतं. साध्या डेटा फ्रेममध्ये निदान रिकाम्या ओळी दिसून संशय तरी येतो. थोडक्यात, सगळ्यात जास्त टंचाई असलेली विहीरच टंचाईच्या यादीतून बाहेर. 'कोरडी' लिहिलं असेल तर प्रकार आणखी वाईट. त्या एका शब्दापायी फाइल वाचताना 'मे'चा अख्खा कॉलम अक्षरी होतो, आणि अक्षरी तुलनेत "9.5" हे "10" पेक्षा मोठं, कारण 9 हे 1 च्या नंतर येतं. 'गेट' अगदी बरोबर वापरूनही यादी चुकीचीच.

म्हणून प्रत्येक महिन्यासाठी हो-नाही असा वेगळा कॉलम करा : 'कोरडी_मे', 'कोरडी_मार्च'. मग पातळीचा कॉलम अंकांत बदला. आणि इथेच नाव व्हेरिएबलमध्ये ठेवल्याचं चीज होतं, कारण दुसरं नाव पहिल्यावरून जोडता येतं :

विहिरी[गेट(निवड) > 10 | गेट(पेस्ट0("कोरडी_", निवड))]

'निवड' बदलली की दोन्ही कॉलम एकदम बदलतात. मोजायलाच न गेलेल्या विहिरी रिकाम्या राहतील आणि वगळल्या जातील, ते योग्यच आहे.

प्रश्न : माझ्या टेबलात 'शेतकऱ्याचे नाव' असा कॉलम आहे. तेच नाव व्हेरिएबलमध्ये टाइप केलं तर 'आर' म्हणतं, असा कॉलम नाही. दोन्ही नावं पडद्यावर तंतोतंत सारखी दिसतात.
— एक वाचक, सांगली

उत्तर : घोळ त्या 'ऱ्या'त आहे. तो टाइप करायच्या निदान दोन रीती चालतात. कोणाचा कीबोर्ड 'ऱ' हे एकच अक्षर देतो, तर कोणाचा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. लांबी मोजणाऱ्या 'एनचार' या फंक्शनला दोन्ही नावं द्या. 'शेतकऱ्याचे' या शब्दाची लांबी पहिल्या रीतीने 10 येते, दुसरीने 11. 'यूटीएफ8टूइंट'ने प्रत्येक अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक काढलात तर एकीकडे 2353 दिसेल, दुसरीकडे 2352 आणि पुढे 8205. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करण्याची रीत) या दोन रूपांना एक करत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. कॉलमचं नाव स्वतः टाइप करायच्या फंदात न पडता टेबलाच्या नावांच्या यादीतून क्रमांकाने उचला : निवड = नेम्स(यादी)[3]. इथे 'यादी' हे तुमच्या टेबलाचं नाव आणि 3 हा कॉलमचा क्रमांक समजा. फाइल दर महिन्याला वेगवेगळ्या माणसाकडून येत असेल, तर वाचल्याबरोबर सगळ्या कॉलमांना 'सेटनेम्स'ने आपली ठरलेली नावं द्या. नावाच्या शेवटी राहून गेलेली मोकळी जागाही त्यातच निघून जाईल.