कूलर, गच्ची, पत्रे: उन्हाळ्यातल्या घराबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: ‘काय विकत घेऊ?’ आमचं म्हणणं असं की, आधी खोलीत उष्णता कुठून शिरते ते बघावं. छतातून येत असेल तर पडद्यावर केलेला खर्च वाया जातो आणि हवा दमट असेल तर कूलरवरचा. खालची उत्तरं त्याच क्रमाने विचार करून दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे लोखंडी बॉडीचा मोठा कूलर आहे. सुरू केल्यावर अर्धा तास छान गार वाटतं, मग खोली दमट होते, अंथरूण चिकट लागतं. गवताच्या ताट्या मार्चमध्येच बदलल्या आहेत, पंपही चालू आहे. काय चुकतंय? (अकोला)

बहुधा खोलीतून हवा बाहेर जायला वाट नाही. कूलर हवा गार करतो ती पाण्याची वाफ करून. वाफ होताना पाणी हवेतली उष्णता घेतं, म्हणून बाहेर येणारी हवा गार असते आणि ओलीही. ती ओली हवा बाहेर गेली नाही, तर खोलीतला दमटपणा वाढत जातो, घाम वाळत नाही आणि पंख्याचा वारा असूनही जीव घाबरा होतो. तुमच्याकडे मे महिन्यात दुपारी ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर साधारण २८ अंशांची हवा देऊ शकतो. एवढी ताकद अकोल्याच्या कोरड्या हवेत आहे. ती वापरायची तर कूलर खिडकीबाहेर हवा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल. आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं. कूलर खोलीतच ठेवला असेल तर तो स्वतःचीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतो.

किती उघडं ठेवायचं? कूलरची हवा दर १००० सीएफएमला (सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा) साधारण दोन चौरस फूट. कूलरवरच्या माहितीच्या पट्टीवर आकडा घनमीटर प्रतितास असा दिला असेल तर १७०० म्हणजे १००० सीएफएम. सोपी परीक्षा अशी: उघड्या फटीपाशी वर्तमानपत्राची पट्टी धरा. ती बाहेरच्या बाजूला सरळ उडाली पाहिजे. फट उघडूनही पट्टी लोंबतच राहिली, तर कूलरची हवाच कमी पडते आहे. हवा फटीतून शिट्टी वाजवत निघत असेल किंवा दार बाहेरच्या बाजूला आपोआप ढकललं जात असेल, तर वाट अपुरी आहे.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर ताट्या काढून उजेडात धरा. नवं गवत ओलं झालं की आठ-दहा दिवसांत खाली बसतं आणि वर तीन-चार बोटांची फट पडते. हवा नेहमी सोप्या वाटेने येते. त्या फटीतून येणारी गरम हवा उरलेल्या ताटीने केलेलं काम बुडवते. वर मूठभर गवत भरून जाळी पुन्हा आवळा. दुसरी जागा म्हणजे ताटीच्या डोक्यावरची पाण्याची पन्हळी. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी तिची भोकं बुजतात आणि ताटीवर उभे कोरडे पट्टे दिसू लागतात. खराट्याच्या काडीने भोकं मोकळी करा. मोठा कूलर भर दुपारी तासाला १० ते १२ लिटर पाणी उडवतो. वाफ उडून जाते, क्षार टाकीतच राहतात. म्हणून टाकीत नुसती भर घालत राहू नका. तीन-चार दिवसांनी तळाचं बूच काढून सगळं पाणी सोडून द्या.

याच पाण्याची दुसरी काळजी डासांची. डेंग्यूचा डास टाकीच्या भिंतीवर पाण्याच्या रेघेपाशी अंडी चिकटवतो आणि ती कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. आठवड्याच्या कोरड्या दिवशी टाकी रिकामी करताना आतल्या भिंती घासणीने खरडून घ्या. नुसतं पाणी बदललं तर अंडी जागच्या जागी राहतात.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, पण या उत्तरातली सगळ्यात महत्त्वाची. लोखंडी कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात. पाणी भरताना नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, पिन सॉकेटमधून बाहेर काढा. घराच्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, तर बटण न्यूट्रल तोडतं आणि मोटर-पंपापर्यंत फेज तसाच जिवंत राहतो. पंपाची वायर पाण्यात असते, तिचं आवरण तडकलं की सगळी बॉडी जिवंत होते. तीन पिनांचा प्लग, खरंच चालू असलेलं अर्थिंग आणि मेन बोर्डावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारी कळ) या तिन्ही गोष्टी हव्यातच. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, ती लगेच पडली पाहिजे. आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कूलरला हात लावायचा नाही, हे घरातल्या मुलांना निक्षून सांगा.

प्रश्न : गच्चीखालचा फ्लॅट आहे. रात्री अकरा वाजता छताला हात लावला तरी गरम लागतं. सोसायटी गच्ची पांढरी करायला तयार आहे, पण चुना की रंग यावर एकमत होत नाही. दक्षिणेच्या खिडकीला जाड पडदे लावले, फरक नाही. (पुणे)

पडद्याचं आधी सांगतो. मेच्या मध्याला पुण्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर तेव्हा ऊन पडतच नाही, तिथला छज्जा पुरतो. मार बसतो तो गच्चीला आणि पश्चिमेच्या भिंतीला. पश्चिमेला खिडकी असेल तर आतून पडदा नको, बाहेरून बांबूची चिक सोडा. काचेतून ऊन एकदा आत आलं की ते पडद्यावर पडतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेरची चिक तापली तर ती बाहेरच्या हवेत तापते.

छत रात्री गरम लागतं, कारण पाच-सहा इंचांच्या स्लॅबमधून उष्णता खाली उतरायला काही तास घेते. दुपारी दोनला पडलेलं ऊन तुम्हाला संध्याकाळनंतर जाणवतं. म्हणून संध्याकाळी गच्चीवर पाणी मारण्यापेक्षा ऊन मुळात शोषलंच जाऊ नये हे बरं. पाण्याची टंचाई असताना तर नक्कीच. करडी सिमेंटची गच्ची पडलेल्या उन्हाचा मोठा भाग शोषते, ताजी पांढरी गच्ची त्यातलं बरंचसं परतवते. खोलीत दोन ते चार अंशांचा फरक मिळतो.

चुना की रंग? सोसायटीत दरवर्षी हे काम कोणी मनावर घेणार असेल तर चुना, नाहीतर रंग. चुना स्वस्त आहे, पण पावसाळ्यात धुऊन जातो. प्रमाण असं: १० किलो भिजवून गाळलेला चुना, २ किलो पांढरं सिमेंट, अर्धा किलो पांढरा डिंक. कळीचा चुना आणला असेल तर तो पाण्यात थोडाथोडा सोडा, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळतो आणि डोळ्यात उडतो. भिजवायला प्लास्टिकची बादली नको, लोखंडी पिंप घ्या आणि रात्रभर ठेवा. पांढरं सिमेंट शेवटी मिसळा, आणि तासाभरात संपेल एवढंच मिसळा.

गच्ची तारेच्या ब्रशने घासा, शेवाळ आणि सुटी खपली निघाली पाहिजे. धुवा. पाणी साचू न देता पृष्ठभाग ओलसर असतानाच पहिला हात द्या, सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, आडवा. बहुतेक ठिकाणी काम बिघडतं ते इथे. तापलेल्या, कोरड्या गच्चीवर चुना मारला की त्यातलं पाणी लगेच ओढलं जातं, चुन्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट व्हायला ओल उरत नाही आणि आठवड्यात पायाला पांढरी भुकटी लागते.

रंग घ्यायचा तर गच्चीसाठीचा, लवचीक, ऊन परतवणारा घ्या. भिंतीचा पांढरा रंग तिथे टिकत नाही. डब्यावर एसआरआय (ऊन परतवून पृष्ठभाग किती गार राहतो याचं माप) हा आकडा बघा. तो १००च्या जितका जवळ तितकं बरं. तडे आधी भरा, गळती आधी थांबवा. रंगाखाली अडकलेली ओल फुगे काढते. आणि कोणताही प्रकार निवडा, दर मार्चमध्ये गच्ची धुवावी लागेल. वर्षभराची धूळ बसली की पांढरेपणाचा फायदा निम्म्याने जातो.

कपडे वाळत घालायच्या भागावर हिरवी जाळी बांधली तरी चालते. मात्र ती स्लॅबपासून किमान दोन-तीन फूट वर हवी. जमिनीलगत अंथरलेली जाळी तापून खालीच उष्णता देते.

प्रश्न : दोन खोल्यांवर नवे गॅल्व्हनाइज्ड पत्रे आहेत. दुपारी घरात थांबवत नाही. पत्र्याला खालून थर्माकोल चिकटवू का? (परभणी)

थर्माकोल नको. तो झटकन पेटतो, वितळून जळते थेंब खाली टाकतो आणि धूर जीवघेणा असतो. शिवाय तापलेल्या पत्र्यावर गोंद सुटतो.

चकचकीत पत्रा ऊन थोडंफार परतवतो, पण घेतलेली उष्णता आकाशाकडे सोडण्यात तो फार कमी पडतो, म्हणून इतका तापतो. पांढरा रंग या दोन्ही गोष्टी करतो. नव्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर मात्र साधा ऑइलपेंट पापुद्र्यासारखा निघतो. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा, जस्तावर बसणारा एच (etch) प्रायमर लावा, मग पांढऱ्या रंगाचे दोन हात. पत्र्यावर चुना मारू नका. पहिल्या वळवात तो वाहून जाईल.

आतून अॅल्युमिनियमच्या फॉइलची बबल शीट लावा, चकचकीत बाजू खाली. ती पत्र्याला चिकटवू नका. अँगलवरून आडव्या तारा ओढून पत्र्यापासून किमान इंचभर खाली ताणा. शीट पत्र्याला टेकली की त्या जागी उष्णता थेट खाली उतरते. उताराच्या खालच्या बाजूने आणि उंच बाजूने, दोन्हीकडे वीतभर जाळीदार झरोके ठेवा, म्हणजे मधली तापलेली हवा निघून जाईल. उंदीर-चिमण्यांसाठी जाळी बारीक असू द्या. फॉइलमधून वीज वाहते, त्यामुळे जवळच्या सगळ्या वायरी पाइपात घ्या. एवढा खर्च नसेल करायचा, तर बुरुडाकडून बांबूचे तट्टे विणून घ्या आणि फूटभर खाली छत करा. झरोके तिथेही हवेतच.

प्रश्न : रत्नागिरीला कूलर घ्यावा का?

नको. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला कूलर जेमतेम चार अंश उतरवेल आणि हवा आणखी ओली करेल. तुमच्याकडे वारा हाच उपाय आहे: समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, चांगला छताचा पंखा, आणि रात्री जास्तच उकडत असेल तर एसी २६ अंशांवर, सोबत पंखा मंद. एसी चालू असताना खोलीत कूलर लावू नका. एसीची बरीचशी ताकद ते पाणी हवेतून काढण्यातच जाते.

प्रश्न : दिवसा खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद? (नागपूर)

बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असेल तेव्हाच उघड्या. दोन साधे तापमापक घ्या, एक घरात, एक बाहेर सावलीत. मे महिन्यात सकाळी साधारण आठ-नऊच्या सुमारास बाहेरचा आकडा आतल्याच्या वर जाऊ लागतो. तेव्हा खिडक्या, पडदे, दार सगळं बंद. कूलर चालू असेल तर फक्त त्याच्या हवेची वाट तेवढी मोकळी ठेवा. सूर्य मावळला की लगेच उघडू नका, भिंती आणि रस्ते अजून तापलेले असतात. बाहेरचा आकडा आतल्याच्या खाली गेला की मग सगळं उघडा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा रात्रभर चालू ठेवा, म्हणजे बाकीच्या खिडक्यांतून गार हवा ओढली जाईल. रिकाम्या खोलीतला पंखा मात्र बंद करा. तो हवा गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो, आणि अंगच तिथे नसेल तर मोटरची उष्णता तेवढी खोलीत जाते.